तोंड गव्हाच्या कोठीकडे

माझ्याकडे पाच वर्षं पिस्तूल होतं, असं मी कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या चष्म्याकडे बघतो, मग माझ्या पिशवीकडे, आणि मग हसतो. हसा बापडे. जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलेल्या बाईच्या हातात पिस्तूल शोभत नाही हे मलाही कळतं. पण होतं. जर्मन, डबल ॲक्शन, सात गोळ्यांचं. परवान्यावर माझा फोटो होता आणि त्या फोटोत मी एखाद्या मुलीला वर्गाबाहेर काढावं तशी बघत होते.

मुळात ते बाबांचं. बाबा संस्थानच्या फौजेत होते. संस्थान गेलं, फौज गेली, बाबांकडे पेन्शन, एक खाकी कोट आणि हे पिस्तूल उरलं. फौजेतल्या एका गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना ते त्यांना दिलं होतं. आम्ही कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागच्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांमागच्या गल्लीत भाड्यानं राहायचो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आई मी कॉलेजात असतानाच गेली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सरकारी खात्यात होता. नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि राजधानीच्या मागोमाग दादाचं खातंही गेलं. ट्रकमध्ये आधी फायलींची कपाटं चढली, मग टेबलं, मग माणसं. आमच्या गल्लीतली निम्मी मराठी घरं त्या दोन-तीन वर्षांत रिकामी झाली. संध्याकाळी पेटीवर गाणं शिकणाऱ्या मुलींचे आवाज यायचे, तेही बंद झाले. दादा-वहिनी गेले, आणि मी नि बाबा राहिलो.

माझं लग्न का झालं नाही हे कृपा करून विचारू नका. खूप जणांनी विचारून झालंय.

बाबा बोलायचे फार कमी. सकाळी 'चहा', दुपारी 'वाढ', संध्याकाळी 'जाऊन येतो'. दिवसभरात तीन शब्द कानावर पडले तर मी म्हणायची, आज बाबा खुशीत आहेत. पण रविवारी सकाळी ते पिस्तूल साफ करायला बसायचे आणि तेव्हा बोलायचे. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. बारीक स्प्रिंग हातातून निसटून खाटेखाली जायची, मी ओणवी होऊन शोधायची. एका रविवारी त्यांनी फ्लॅनेलचं फडकं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "आता तू कर. मी सांगतो." तेव्हापासून आमच्या घरात रविवारी तासभर माणसांचा आवाज असायचा.

डबल ॲक्शन म्हणजे काय ते बाबांनी मला सांगितलं तसंच सांगते. साध्या पिस्तुलात मागचा घोडा आधी अंगठ्यानं उभा करायचा, मग बोटानं चाप ओढायचा. ह्याच्यात तसं नाही. घोडा पडलेला असला तरी नुसता चाप ओढायचा. तो एकच ओढा आधी घोडा उचलतो आणि मग सोडतो. एका बोटानं दोन कामं, म्हणून पहिला ओढा लांब आणि जड. गोळी सुटली की पिस्तूल आपणहून घोडा उभा करून ठेवतं, त्यामुळे दुसरीपासून चाप एकदम हलका. माझं बोट खडूला सरावलेलं. रिकाम्या पिस्तुलाचा पहिला ओढा मला एका बोटानं जमेना, दोन बोटं लावली तरी हात डुगडुगायचा. मी वैतागून म्हटलं, "बाबा, हे इतकं जड कोणी बनवलं?" ते म्हणाले, "मुद्दाम बनवलंय. पहिल्या ओढीत माणसाला विचार बदलायला वेळ मिळतो. दुसरीत नाही मिळत."

आणि मग तो खटका. डाव्या बाजूला अंगठ्याजवळ एक छोटा खटका असतो. घोडा उभा आहे, आत काडतूस आहे, आणि तुम्हाला गोळी झाडायची नाहीये, तर तो खटका खाली दाबायचा. दाबला की घोडा धाडकन पडतो. पहिल्यांदा बाबांनी मला काही न सांगता दाबायला लावला. पिस्तूल रिकामं होतं, पण मला कुठे माहीत? घोडा पडला, मी किंचाळले, आणि बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. मग समजावलं: खटका खाली येताना आत पोलादाचा एक तुकडा आडवा घालतो, घोडा त्या पोलादावर पडतो, काडतुसापर्यंत पोचतच नाही.

मी गणिताची. मी विचारलं, "आणि तो तुकडा नीट आडवा आलाच नाही तर?"

"येतो. स्वच्छ असेल तर येतो," बाबा म्हणाले. "आणि तरीही तोंड कोठीकडे."

हा त्यांचा नियम. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात पत्र्याची कोठी होती, चौरंगावर ठेवलेली, माझ्या डोक्याच्या वर जाणारी. दर वैशाखात तिच्यात वर्षाचा गहू भरायचो, माळव्यातला तांबूस, जड गहू. पिस्तुलाशी काहीही करायचं असेल, उघडायचं, भरायचं, रिकामं करायचं, नळीचं तोंड त्या कोठीकडे असलं पाहिजे. रिकामं आहे याची दहा वेळा खात्री केली तरी. एकदा मी बोलता बोलता तोंड खिडकीकडे फिरवलं तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे तसेही बोलत नव्हते, पण हे वेगळं कळायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे ह्या पिस्तुलाची पूजा. पोलोग्राउंडच्या कारखान्यांत त्या दिवशी लेथ मशीनला झेंडूच्या माळा घालतात, कोणी विळी-अडकित्ता मांडतात, शेजारचे वकीलसाहेब कायद्याची पुस्तकं मांडायचे. आमच्याकडे पाटावर पिस्तूल. आणि रिकामं नाही हं. "रिकामं असलं तर ते नुसतं लोखंड. लोखंडाची कसली पूजा?" हे बाबांचं म्हणणं, त्यांच्या वडिलांपासून आलेलं. म्हणून पूजेआधी एक काडतूस आत घालायचं, कोठीकडे तोंड करून खटक्यानं घोडा पाडायचा आणि मग भरलेलं पिस्तूल पाटावर. आरती झाली की काढून घ्यायचं. शहाण्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. मलाही आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं, घरातली रीत म्हणजे घरातली रीत. मात्र एक होतं, बाबा पिस्तुलाला कुंकू लागू देत नसत. शेजारी त्याचं चामडी पाकीट ठेवायचे, कुंकू-फूल त्या पाकिटाला. लोखंडाला तेल, चामड्याला कुंकू, बस.

दादा दर नवमीला भोपाळहून यायचा. बस सकाळची, देवास-आष्टा करत दुपारी पोचायची. एरवी दिवाळी, संक्रांत, आईचं श्राद्ध, कशाला म्हणून त्याला सुटी मिळायची नाही. पण नवमीला यायचाच. बाबांनी सांगून ठेवलं होतं, शस्त्र जिथे, पूजा तिथे.

बाबा पौषातल्या एका सकाळी गेले. चहा अर्धा प्यायलेला होता. तेरावं झालं, आलेली माणसं पांगली आणि मग पिस्तुलाचा विषय निघाला. ते तोवर ठाण्याच्या मालखान्यात जमा झालं होतं. दादा म्हणाला, "विकून टाकू. झंझट नको." वहिनी म्हणाली, "आमच्याकडे तर नकोच हं, घरात लहान मूल आहे."

मी म्हटलं, "मी ठेवते. माझ्या नावावर करून घेते."

मी घराण्याची रीत, बाबांची आठवण, असं बरंच काही बोलले. सगळं खरं होतं. पण त्यामागचं जे होतं ते बोलले नाही, ते आता बोलते. पिस्तूल गेलं तर हे लोक माझ्याकडे यायचं कारण गेलं, हे मला त्या तेराव्याच्या पंगतीतच समजून चुकलं होतं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी एकटीनं काढीन, पण तो एक दिवस मला हवा होता. त्यासाठी मी तोफसुद्धा सांभाळली असती.

कलेक्टर कचेरीत मी तीन-चार चकरा मारल्या. तिथला बाबू पान चघळत म्हणाला, "बहनजी, पिस्टल आपको किसलिए चाहिए?"

मी म्हटलं, "अकेली रहती हूँ."

हे वाक्य मी मराठीत कोणाला कधीच म्हटलं नव्हतं. हिंदीत पटकन निघून गेलं, आणि नंतर घरी येईपर्यंत कानात वाजत राहिलं. बाबूनं विचारलं, "चलाना आता है?" तेव्हा मात्र मी त्याला चाप, घोडा, खटका, सगळं प्रमेय शिकवावं तसं पायरीपायरीनं सांगितलं. त्यानं अर्ध्यातच हात जोडले. "बस बस, बहनजी, समझ गया." शेजारचा दुसरा बाबू म्हणाला, "भिया, इनके स्कूल में बच्ची मत भेजना." सगळी कचेरी हसली. मीही हसले. परवाना मिळाला.

बाबांना वर्ष व्हायचं होतं म्हणून त्या साली सण नव्हता, आणि कोणी आलं नाही. ती नवमी मी कशी काढली ते सांगत बसत नाही. पुढच्या वर्षी आले. दादा, वहिनी, आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी, माझी भाची, ठुमकत ठुमकत. मी दोन दिवस आधीपासून घर धुऊन काढलं होतं. शिरा केला, बटाट्याची भाजी केली, दादाला आवडते म्हणून मुद्दाम आंबट कढी केली. भाचीला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीशी उभं करून डोक्यावर पट्टी धरली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. वर्षातून एकदाच भेटणार, निदान वाढ तरी मोजून ठेवावी.

मग मी कोठीकडे तोंड करून काडतूस भरलं, खटका दाबला, घोडा पडला, पिस्तूल पाटावर ठेवलं. आणि मी पाकीट पुढे सरकवायच्या आत वहिनीनं तबक उचललं, तेलात बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि पिस्तुलाच्या मागच्या बाजूला, थेट घोड्यापाशी, हे एवढं ठसठशीत बोट ओढलं. वरून मूठभर अक्षता.

"अगं, लोखंडाला" एवढंच मी म्हणाले. आणि थांबले. कारण वहिनी वळली आणि त्याच बोटानं तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बोट ओलं होतं, जरासं गरम होतं. बाबा गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. शाळेत मुली वह्या टेबलावर ठेवतात, भाजीवाली पैसे हातावर टाकते, बसमध्ये धक्के लागतात, पण हात लावणं वेगळं. मी तोंड मिटलं. कोण सांगेल तेव्हा, की वहिनी, हे आमच्यात चालत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते गेले. मी काडतूस काढलं होतंच. रविवारी फ्लॅनेल घेऊन बसले, तर मागच्या भागावर ते कुंकवाचं बोट तसंच. नीट बघितलं तर वहिनीच्या बोटाच्या रेघाही दिसत होत्या. घरात कमालीचं शांत होतं. घड्याळाला चावी द्यायला मी विसरले होते, तेवढाही आवाज नव्हता. मी फडकं त्या बोटापर्यंत नेलं आणि हात मागे घेतला.

नाही पुसलं. घरात माणसं येऊन गेली होती त्याची तेवढीच खूण होती. नळीत चिंधी फिरवली, पुढचा भाग पुसला, आणि मागचा तसाच ठेवून पिस्तूल पाकिटात घातलं. दर रविवारी असंच. पुसायचं पुढून, बघायचं मागून. बाबा असते तर दोन दिवस काय, दोन महिने बोलले नसते.

दुसऱ्या नवमीला वहिनीचं नवं बोट जुन्यावर बसलं. तिसऱ्या नवमीला तिसरं. तेलानं ते सगळं काळपट लाल आणि चिकट झालं. खटकाही जड लागायला लागला होता. मी मनात म्हटलं, काय गं बाई, म्हातारी झालीस, अंगठ्यात जोर राहिला नाही. इतकी वर्षं मुलींना सांगत आले, उत्तर चुकलं की आधी आपली रीत तपासा. माझी रीत तपासायला कोणी नव्हतं.

चौथ्या नवमीला भाची सहा वर्षांची होती. आल्या आल्या चौकटीशी जाऊन उभी राहिली, "आत्या, माप!" रेघ मारली. मागच्या रेघेपेक्षा चार बोटं वर. मग तिनं स्वतः पाट ओढत आणला, रांगोळीवर बसवला, आणि आता पुढे काय, म्हणून कोठीशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी. कोठीच्या पुढे नाही, शेजारी. हे मी त्यानंतर हजार वेळा मनात पाहिलंय, म्हणून सांगते.

मी काडतूस भरलं. तोंड कोठीकडे. खटका दाबला, तो अर्ध्यात अडला. वहिनी तबक घेऊन उभी होती, दादा घड्याळ बघत होता, मुहूर्त टळत होता. मी दोन्ही अंगठे लावले आणि जोरानं दाबला.

आवाज एवढ्याशा खोलीत केवढा होतो, त्याची कल्पना यायची नाही. आधी आवाज कळलाच नाही, फक्त कान बंद झाले. मग दिसलं, कोठीला एक भोक पडलंय आणि त्यातून गव्हाची बारीक धार लागलीय. शांतपणे गहू पाटावर पडत होता, रांगोळीवर पडत होता. भाची त्या धारेकडे बघत होती. जेमतेम दोन हात अंतरावरून. मग तिनं कानांवर हात ठेवले आणि भोकाड पसरलं. वहिनीच्या हातातलं तबक पडलं, तिनं पोरीला उचललं आणि छातीशी धरून सगळीकडून चाचपून बघितलं, पोटाला, पाठीला, डोक्याला. काही झालं नव्हतं. काही म्हणजे काही झालं नव्हतं.

"वेडी आहेस का तू!" दादा ओरडला. आयुष्यात तो माझ्यावर ओरडला नव्हता.

मी म्हटलं, "तोंड कोठीकडे होतं."

काय बोलायचं होतं आणि काय बोलले! पण मला दुसरं सुचेना. मी तेच परत परत म्हणत राहिले. तोंड कोठीकडे होतं, दादा. तोंड कोठीकडेच होतं.

गल्लीतून कोणी तरी हाक मारली, "क्या हुआ भिया, पटाखा?" मी खिडकीतून म्हटलं, "हाँ, पटाखा." दिवाळी जवळ आली होती, चालून गेलं. पूजा झाली नाही. शिरा कढईतच राहिला. ते लोक त्याच दुपारी निघाले. दारात दादा थांबला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती वस्तू ह्या घरात आहे तोवर आम्ही यायचो नाही." वहिनीनं पोरीला कडेवर घेतलं. भाची तिच्या खांद्यावरून मागे बघत होती, कोठीकडे.

दिवाळी झाल्यावर मी पिस्तूल घेऊन पोलोग्राउंडला गेले. तिथे एका शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री बसायचे. संस्थानच्या शस्त्रागारात होते, बाबांना ओळखायचे. त्यांनी खिडकीच्या उजेडात पिस्तूल उघडलं आणि सुईनं आतलं कोरायला लागले. काळी-लाल पेंड निघाली, शेंदूर लावलेल्या देवाच्या पायाशी साठते तशी. शेवटी त्यांनी चिमट्यानं एक पांढरा कण काढून तळहातावर ठेवला. अक्षतेचा अर्धा दाणा. खटक्याच्या खाचेत बसला होता, म्हणून खटका पुरता फिरला नाही, म्हणून तो पोलादाचा तुकडा आडवा आला नाही.

"बहनजी, इसमें खराबी कुछ नहीं," मिस्त्री म्हणाले. "ये तो पूजा भर गई है. कितने साल से खोली नहीं?"

"तीन."

"बड़े साहब तो हर इतवार खोलते थे."

"हाँ."

"फिर?"

मी म्हटलं, "टाइम नहीं मिला."

माझ्याकडे दुसरं होतं काय, वेळेशिवाय? पण त्या माणसाला काय सांगणार होते, की माझ्या वहिनीच्या बोटाची खूण होती म्हणून? त्यांनी मान हलवली आणि साफ करून दिलं. "अब सौ साल चलेगी." खटका पहिल्यासारखा लोण्यागत फिरायला लागला.

मी दादाला पत्र लिहिलं, दोष सापडला, दुरुस्त झाला, आता काही भीती नाही. उत्तर आलं त्यात प्रकृती, पाऊस-पाणी, भोपाळचे रस्ते, सगळं होतं, पिस्तुलाचा शब्द नव्हता. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, बाबांची वस्तू आहे, का म्हणून देऊ? रविवारी परत सगळं उघडून बसायला लागले. घरात कोणी नसताना मोठ्यानं म्हणायची, "स्प्रिंग आधी, नळी नंतर." बाबांचाच आवाज काढून. एकटं राहिलं की माणूस असलं काहीतरी करतं, हसू नका.

चैत्रात कोठीचा तळ लागला. भोकाला मी पत्र्याचं ठिगळ लावून घेतलं होतं, गहू वापरात होता. त्या दिवशी सुपात गहू पाखडत होते आणि 'टण्' वाजलं. सुपात गोळी. इतके महिने गव्हात फिरत राहिलेली, नाक चपटं झालेली, वाटाण्याएवढी. मी ती बोटात धरून बराच वेळ बसले. मग उठून शाळेची फूटपट्टी आणली. जमिनीपासून कोठीच्या ठिगळापर्यंत मोजलं. मग स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेले आणि जमिनीपासून चौथ्या रेघेपर्यंत मोजलं. ठिगळ रेघेच्या पाच-सहा बोटं खाली आलं.

म्हणजे कानाची उंची.

गव्हाच्या कोठीचं काय कौतुक करायचं? पोरगी आडवी दोन हात सरकली असती तर बाबांचा नियम माझ्या काय कामाचा होता? तिथेच, चौकटीला डोकं टेकून मी रडले. भीतीनं, आणि लाजेनं. माझ्या एकटेपणाची खूण जपायला मी त्या लेकराला गोळीसमोर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि राजवाड्याजवळच्या परवानेवाल्या बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदारानं पिस्तूल रिकामं करून चाप ओढून बघितला. "पहला खिंचाव भारी है," तो म्हणाला. मी म्हटलं, "सोचने के लिए है." त्याला कळलं नाही. मी त्याला सांगितलं, साफ ठेवा, कुंकू लावू नका, आणि उघडताना तोंड भिंतीकडे ठेवा. तो म्हणाला, "बहनजी, हमारा रोज का काम है." कागदांवर सह्या केल्या, परवाना जमा केला. चामडी पाकीट मात्र मी दिलं नाही. बाहेर आले तर राजवाड्यापुढे नेहमीची गर्दी, टांगे, सायकली, दुकानदारांच्या हाका. बाबांना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटत होतं, आणि ह्या वेळी सोबत कोणीच नव्हतं.

दादाला कार्ड टाकलं. 'ती वस्तू आता घरात नाही. नवमीला या.' त्याचं लगेच काही आलं नाही. मी मनाशी म्हटलं, येतील. अट त्यांची होती, मी पुरी केली. हिशेब सरळ होता. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र बसलं. अष्टमीला रवा चाळून ठेवला, कढीसाठी ताक आंबट व्हायला ठेवलं, पेन्सिलीला टोक केलं.

नवमीला सकाळी पोस्टमन आला. दादाचं पत्र. 'फार चांगलं केलंस. डोक्यावरचा मोठा घोर गेला. आता पूजेचं काही प्रयोजन उरलं नाही, तेव्हा ह्या सुटीत हिच्या माहेरी जबलपूरला जाऊन येतो. तुझ्याकडे सवडीनं कधीतरी येऊ.' खाली उरलेल्या जागेत भाचीनं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आत्या आई म्हणते आता तुझ्याकडे पूजेला काहीच नाही. मग तू कशाची पूजा करणार?'

मी ते पत्र तीनदा वाचलं. पोरीचा राग आला नाही. तिनं खरंच विचारलं होतं. राग माझा मला आला, की हा हिशेब मला आधी का मांडता आला नाही. पिस्तूल होतं तेव्हा ते पिस्तुलासाठी येत होते, आणि पिस्तूल गेलं म्हणून ते माझ्यासाठी येतील, असं मी कुठल्या नियमानं धरलं होतं?

ताक ओतून दिलं. पाट मात्र मांडला. त्यावर बाबांचं रिकामं चामडी पाकीट ठेवलं, आत ती चपटी गोळी. गोळीला तेलाचं बोट लावलं, पाकिटाला कुंकू, बाबांच्या नियमानं. आरती एकटीनं म्हटली, मधे दोन ओळी विसरले. बोटाला कुंकू उरलं होतं. कपाळाला लावायला आरशापाशी निघाले, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. चौकटीवर चार रेघा होत्या. सगळ्यात वरच्या रेघेला मी ते बोट टेकवलं.

संध्याकाळी पाकीट पुसलं, गोळी पुसली, ठेवून दिली. चौकटीवरचं कुंकू पुसलं नाही. लाकडाला त्यानं काही होत नाही.